रंगनाथच्या पाळीचं पाणी

किसनदादा शाळेच्या फाटकाशी उभे होते. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. पन्नाशी ओलांडलेला कोल्हारचा शेतकरी भर दुपारी नगरात बोडक्या डोक्यानं उभा राहत नाही, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट पडायला वेळ लागतो. मी खडूच्या हातांनीच वर्गाबाहेर आलो आणि लांबूनच म्हणालो, "काय दादा, धाकट्यानं आता कुठलं चाक काढलं?" दादांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रंगा गेला, मास्तर," ते म्हणाले. "सावडून आलो. तार करायचं कुनाला सुचलं न्हाई..." मी अजून हसतच होतो. बातमी कानात शिरल्यावरही ते हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं, कारण ते आता कुठं ठेवायचं हेच मला कळेना.

कावीळ झाली होती. झाडपाल्याचं औषध चालू होतं, नगरला आणायचं ठरत होतं, आणि ते ठरेपर्यंत रंगनाथ गेला. चाळिशी नुकतीच उलटली होती. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्यावर असं लिहून येतं त्यांच्या मागे काहीतरी उभं असतं... एखादी संस्था, निदान एखादा दवाखाना किंवा पुस्तकांचं कपाट. रंगनाथच्या मागे एक चाक उभं आहे आणि ते फिरत नाही. तरी त्याच्याविषयी लिहायला मी बसलो आहे, कारण ते फिरणार नाही असं या जिल्ह्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं सांगणारा माणूस मीच होतो.

आमची ओळख नगरच्या बोर्डिंगातली. मी भटजींच्या घरातला, वरणभाताला सरावलेला. तो कोल्हारच्या मळ्यातला, बाजरीची भाकरी हातावर घेऊन उभ्यानं खाणारा. खोलीत आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापायची. रंगनाथचं म्हणणं असं, की दिवसभर पोरं दार उघडतात आणि लावतात, त्यातली ताकद फुकट जाते. त्यानं दाराला सुतळी बांधली, ती छताच्या कडीतून ओवली आणि माझ्या खाटेवर पुठ्ठ्याचा पंखा टांगला. दार उघडलं की पुठ्ठा एकदा हलायचा आणि माझ्या तोंडावर वाऱ्याची एक झुळूक यायची. मी इतका खूष झालो की दुपारी सगळी पोरं झोपली तेव्हा झुळकेसाठी मीच उठून दार उघडायला लागलो. दार उघडायचं, धावत येऊन खाटेवर पडायचं, तोवर वारा संपलेला असायचा. पुन्हा उठायचं. तासाभरानं रेक्टर आले तेव्हा मी घामानं निथळत दाराशी उभा होतो आणि रंगनाथ खाटेवर बसून गंभीरपणे म्हणत होता, "गुरुजी, तुझ्या पळण्यात सुधारणा पाहिजे. यंत्र बरोबर आहे." तो मला गुरुजी म्हणायचा, मी गुरुजी होण्याच्या कितीतरी आधीपासून.

मॅट्रिकनंतर मी पुण्याला जाऊन बी.एस्सी. झालो आणि नगरात शाळेत लागलो. तो मळ्यावर परतला. कोल्हार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं प्रवरा येते, बागायत येते. पण रंगनाथचा मळा कालव्याच्या वरच्या अंगाला. त्याच्या बांधावर उभं राहिलं की कालव्याचं पाणी दिसतं, चकाकतं, आणि खालच्या लोकांच्या उसाकडं निघून जातं. वर ते चढत नाही. म्हणून वडिलांनी विहीर पाडली आणि दोघा भावांनी तिच्यावर मोसंबी लावली. वाटण्या झाल्या तेव्हा बाग मधोमध वाटली गेली. विहीर मात्र सामाईक राहिली. एक दिवस पाणी किसनदादांचं, एक दिवस रंगनाथचं. पाण्याची पाळी आमच्या भागात जमिनीच्या कागदापेक्षा पक्की धरतात. दुसऱ्याच्या पाळीच्या दिवशी सख्खा भाऊ झाला तरी पिण्यापलीकडं तांब्याभर पाणी काढत नाही. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, तेही सामाईक. डिझेल मिळेल तेव्हा ते धडधडायचं, न मिळेल तेव्हा रंगनाथनं केलेली इंजिनाची थट्टा लोकांना ऐकू यायची.

चाक त्यानं साखर कारखान्याच्या भंगारातून आणलं. माणसापेक्षा उंच, दातेरी. त्याच्या कडेला त्यानं शिशाचे गोळे टांगले, बिजागरीवर. चाक फिरताना खाली उतरणाऱ्या बाजूचे गोळे बाहेर फेकले जात, वर चढणाऱ्या बाजूचे आत पडत. म्हणजे उतरणारी बाजू कायम जड. बैलांनी सकाळी फक्त सुरुवात करून द्यायची, मग चाक आपल्याच वजनानं दिवसभर फिरणार, आणि त्याला जोडलेल्या साखळीवरून पाण्याचे डबे विहिरीतून वर येत राहणार. डिझेल नको, वीज नको, दुपारी बैलही नको. त्यानं हे मला समजावलं तेव्हा त्याच्या बायकोनं, सुभद्रावहिनींनी, चहा आणला होता आणि त्या दाराशी थांबून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणालो, "रंगनाथ, बाहेर गेलेले गोळे जड भासतात, पण ते मोजकेच असतात. आत पडलेले जास्त असतात. दोन्ही बाजूंचा हिशेब शेवटी सारखाच. वर आस घासणार, साखळी घासणार. चाकात जेवढं घालशील त्यापेक्षा कमीच परत मिळणार."

"घासणं कमी करायचंच राहिलंय," तो म्हणाला.

"शून्य केलंस तरी पाणी उचलायला जोर कुठून आणशील?"

"हे तुझ्या पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे आणि तुझ्या मळ्यातही आहे."

तो हसला. चिडत नसे, हीच त्याच्याशी भांडण्यातली अडचण होती. वहिनी कपबशा घेऊन आत गेल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, जरा जोर लावून सांगा की. तुमचं बोलणं फार मऊ पडतं."

त्याहून भारी होता त्याचा धंद्याचा बेत. यंत्र विकायचं नव्हतंच. यंत्र फुकट द्यायचं. ज्याच्या विहिरीवर बसवलं त्यानं त्या विहिरीची आठवड्यातली एक पाळी रंगनाथला द्यायची, कायमची. "गुरुजी, हिशेब कर," तो म्हणायचा. "गावोगावच्या विहिरींवर आठवड्यातला एक दिवस माझा. ते पाणी मी ज्यांना विहीरच नाही त्यांना देणार. कुणी पोतं देईल, कुणी आठवडाभर काम करील." मी विचारलं, "आणि विहीर कोरडी असली तर?" तो म्हणाला, "कोरडा दिवस माझा. सगळे दिवस कोरडेच राहतात होय?" यातलं एक वाक्य मला आजही पुसता येत नाही... ज्यांना विहीरच नाही त्यांना. हा माणूस लबाड असता तर माझं काम सोपं झालं असतं. लबाडाला चार शब्द सुनवून एस.टी. पकडता येते.

पण यंत्र एकही तयार नव्हतं आणि त्यानं पाळ्या मागायला सुरुवात केली होती. त्याचं म्हणणं, आधी गावं बांधून घ्यायची. यंत्र निघाल्यावर भाव वाढतील, लोक नखरे करतील. शब्द घ्यायची त्याची रीत सरळ होती. मारुतीच्या पारावर सुपारी फोडायची, अर्धी विहीरवाल्यानं खायची, अर्धी त्यानं. सुपारी खाल्ली की शब्द पक्का, कागदबिगद काही नाही. तेव्हा किसनदादा माझ्याकडे आले. "मास्तर, तुमी चार लोकांत सांगा," ते म्हणाले. "घरचं मी बोललो तर भावकी म्हनतील, धाकट्याचं बरं बघवत न्हाई. तुमी शिकलेले. तुमचं लोक ऐकत्यात."

लोक माझं ऐकतात, हे वाक्य मला कुणी आधी कधी म्हटलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या पोरांचा तसा अनुभव नव्हता, घरचा तर नव्हताच. मी फुलून गेलो. गावच्या शाळेतला फळा बैलगाडीतून पारावर आणवला. धुतलेला सदरा घातला. तरफ काय, वजन काय, अंतर काय, बळ म्हणजे काय, उतरणारी बाजू, चढणारी बाजू... फळा भरला की पुसायचा आणि पुन्हा भरायचा. लोकांतला एकही उठला नाही. बिड्या विझल्या तरी पेटवल्या नाहीत. मी मनात म्हणत होतो, असा वर्ग नगरात असता तर. शेवटी मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "म्हणून हे चाक कधीही चालणार नाही." मग पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या पाटलानं घसा साफ केला. "मास्तर, शेवटचं काय ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर एवढं गनित ज्याच्यात हाय, ते मशीन म्हंजी काय लहानसहान न्हाई. आमी समजत हुतो रंगा नुसता चाकाला गोळं बांधतोय."

"व्हय," मागून कुणीतरी म्हणालं. "बी.एस्सी. मानसाला दिसभर पुरलं."

त्या संध्याकाळी पारावर इतक्या सुपाऱ्या फुटल्या की दुकानातल्या संपल्या. रंगनाथनं मला मिठी मारली. किसनदादांनी फळा गाडीत चढवायला हात लावला, आणि मी परतीच्या एस.टी.त बसल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "तुमची चूक न्हाई मास्तर. तुमी लई चांगलं बोलला, हेच वाईट झालं."

मग दुष्काळ आला. म्हणजे दुष्काळ होताच, पण त्या सालात तो घरात येऊन बसला. बैल छावणीत गेले, माणसं खडी फोडायला गेली, रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीनं पोटं बिघडली. कालवा आटला. विहिरीत दिवसभरात जेवढं पाझरेल तेवढंच पाणी. मोसंबीला मात्र ते कळत नाही. एक पाळी चुकली की पानं वळतात, दोन चुकल्या की गळतात, आणि एका उन्हाळ्यात झाड मेलं की पुन्हा त्या जागी फळ दिसायला पाच-सहा वर्षं लागतात. दादांच्या दिवशी इंजिन चालायचं. खालच्या गावांतून कॅन डोक्यावर वाहून ते डिझेल आणायचे. रंगनाथच्या दिवशी इंजिन बंद. त्यानं ठरवलं होतं, आपल्या बागेला पाणी देईल तर चाकच देईल.

मी गेलो तेव्हा त्याच्या अर्ध्या बागेची पानं नळीसारखी वळली होती. बांधापलीकडची दादांची बाग मलूल, पण हिरवी. मी म्हणालो, "या पाळीला फक्त इंजिन लाव. झाडं वाचव. चाकाचं पुढच्या साली बघू."

"अख्ख्या तालुक्याच्या सुपाऱ्या खाल्ल्यात मी," तो म्हणाला. "ते लोक येता जाता इथं बघतात. ज्याच्या स्वतःच्या बागेला इंजिन लागतं त्याचं यंत्र कोण बसवून घेईल?"

"झाडं मेल्यावर बसवून घेतील?"

आत वहिनी म्हणाल्या, "मुलासारखी वाढवली हो ही झाडं." त्यांना मूल नव्हतं. हे वाक्य त्या मला म्हणत नव्हत्या आणि त्यालाही म्हणत नव्हत्या. भिंतीला म्हटल्यासारखं म्हणाल्या आणि परातीतलं पीठ मळत राहिल्या.

एका सकाळी किसनदादांनी आपल्या पाळीच्या पाण्याचा पाट धाकट्याच्या बागेकडं वळवला. मी तिथं होतो. पाणी बांध ओलांडून पहिल्या झाडाच्या आळ्यापर्यंत पोचलं, माती आवाज करून ते पिऊ लागली. रंगनाथ घरातून आला, वाकला आणि हातांनी ओली माती ओढून त्यानं पाट बुजवला. "दादा, हे इंजिनाचं पाणी आहे," तो म्हणाला. दादा फावडं टेकून उभे राहिले. "पानी हाय रे," ते म्हणाले. "पान्याला काय इंजिनाचं नाव असतंय?" रंगनाथनं दुसरी ओंजळ माती टाकली. मला वाटलं आता तो थांबेल... थांबला नाही. पाणी वळून दादांच्या झाडांकडं गेलं. दादा तोंड फिरवून चिमटीनं नाक पुसत राहिले. रंगनाथनं न काढलेलं पाणी विहिरीतच राहायचं. दुसऱ्या दिवशी दादांनी सगळं उपसलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण ते आपल्या वाट्याचंच काढायचे आणि इंजिन बंद करायचे. खाली राहिलेलं पाणी रंगाचं. गाव तरी म्हणायचंच, की धाकटा वेडा झाला आणि थोरल्याची बाग पिकली.

चाक दाखवायचा दिवस उजाडला तेव्हा सुपारी खाल्लेले सगळे आले. उन्हात पायी आले. छावणीतून दोन बैल मागून आणले होते, त्यांच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. नारळ फुटला. बैल चालले, चाक फिरलं, गोळे खटाखट बाहेर पडू लागले आणि साखळीवरचे डबे भरून वर आले. पाटात पाणी पडलं. माझ्या शेजारच्या पाटलानं हात जोडले. खरं सांगतो, त्या घडीला मीसुद्धा फळ्यावरचं सगळं खोटं ठरावं म्हणून प्रार्थना केली, आणि मी फारसा देव मानणारा नाही. रंगनाथनं बैल सोडायला लावले. चाक फिरत राहिलं... एक डबा आला, आणखी एक आला. पुढचा वर येता येता अर्ध्यावर थबकला. चाक थोडं मागं आलं, थोडं पुढं गेलं, झुल्यासारखं हलत राहिलं आणि उभं राहिलं. विहिरीत डब्यांतलं पाणी परत पडल्याचा आवाज झाला.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी जाब विचारला असता तरी चाललं असतं. पण त्यांचं काही गेलंच नव्हतं. पाळ्या त्यांच्या त्यांच्याकडंच होत्या. वहिनींनी दिलेला गुळाचा खडा त्यांनी खाल्ला, घोट घोट पाणी प्यायलं, आणि तेवढंच प्यायलं, कारण ते आटलेल्या विहिरीचं होतं. पाटील जाताना रंगनाथच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "दिस बुडायच्या आत निघतो गड्या." मग आम्ही दोघंच चाकाच्या सावलीत बसलो. तो म्हणाला, "गुरुजी, तू त्या दिवशी पारावर मांडलंस, त्यात कुठं चूक नव्हती ना?"

"नव्हती."

"मला वाटलं एखादी असेल," तो म्हणाला. "तुझी नेहमी असते."

तो उन्हाळा संपेपर्यंत त्याची सगळी बाग वाळली. चाक फसल्यावर इंजिन लावायला त्याला कसली आडकाठी उरली नव्हती. पण तेव्हा झाडंही उरली नव्हती. त्यानं ती स्वतः तोडली. सरपण म्हणून गावात वाटली.

पुढच्या साली पाऊस झाला. त्यानंतर एकदा तो नगरजवळ सावेडीला माझ्या नव्या घरी आला. तेव्हा तिकडं घरं कमी आणि कुसळं जास्त होती. तो वाळला होता, डोळे जरा पिवळट वाटले, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. अर्थ लावायच्या कामात माझा लौकिक वाचकांना आता कळलाच आहे. तो चाकाविषयी काही बोलेना. इतकी वर्षं मी ज्या शांततेची वाट बघत होतो ती माझ्या पुढ्यात खुर्चीत बसली होती आणि मला ती सहन होईना. मग मी म्हणालो, "मी विचार करत होतो रंगनाथ. गोळ्यांऐवजी पारा भरलेल्या नळ्या लावल्या तर कदाचित... बेअरिंग जरा चांगलं मिळालं तर..." मी बोलत गेलो. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. त्यानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "तू नको रे. तू तरी असं बोलू नकोस." चहा अर्धा ठेवून तो उठला. ती शेवटची भेट.

तेराव्यानंतर सुभद्रावहिनी माहेरी शेवगावला गेल्या. येतील असं वाटत नाही. गेल्या आठवड्यात मी कोल्हारला गेलो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, रस्त्यापासून मळ्यापर्यंत घोटाभर चिखल. दादांची मोसंबी फळांनी वाकली आहे. बांधाअलीकडं खुंट आहेत, त्यांतून गवत वर आलं आहे. विहीर काठोकाठ भरलेली. इतकी भरलेली मी ती कधी पाहिली नव्हती. दादा इंजिनापाशी नुसते बसले होते. इंजिन बंद होतं. मी काठावरची बादली उचलली आणि पाय धुवायला वाकलो, तर दादा उठून आले आणि त्यांनी माझ्या हातातून बादली हळूच काढून घेतली.

"उद्या या की मास्तर," ते म्हणाले. "आज रंगाची पाळी हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. घरात जाऊन त्यांनी रांजणातून तांब्या भरून आणला, माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "हे घ्या. कालचं हाय, माझं."

मी त्या तांब्याभर पाण्यात दोन्ही पाय धुतले. पुरलं नाही. दुसरा मागितला नाही.